गव्हाचे जहाज आणि खुर्चीचे दोन उमेदवार

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. ती जवळ आली की आपल्याकडेही तिची चर्चा सुरू होते. चावडीवर, एस. टी. च्या थांब्यावर, हल्ली तर मोबाईलवरही! हा आला तर भारताचे भले, तो आला तर पाकिस्तानचे भले, असे ठोकताळे बांधले जातात. अशा वेळी माजघरातून हमखास एक प्रश्न येतो : "तिकडे कोणी का निवडून येईना, आपल्या कणगीत त्याने काय भर पडणार?"

प्रश्न रास्त आहे. परदेशांशी कसे वागायचे, कोणाशी सलोखा ठेवायचा, कोणाला माल विकायचा आणि कोणाला नाही, हे सगळे ज्यात येते त्याला परराष्ट्र धोरण म्हणतात. शब्द जड आहे. पण त्याचा एक पाय राजधानीत असतो तर दुसरा थेट शेतकऱ्याच्या बांधावर. ही गोष्ट अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना १९८० साली पुरती कळली. त्या वर्षीची निवडणूक जिमी कार्टर आणि रोनाल्ड रीगन यांच्यात झाली. दोघांच्या परराष्ट्र धोरणात ज्या प्रश्नावरून सर्वांत उलटासुलटा खेळ झाला, तो प्रश्न होता गहू आणि मका! म्हणून आज आपण तीच निवडणूक समजून घेऊ. ती जुनी झाली खरी, पण जुनी असल्यामुळेच कोण काय बोलले आणि पुढे कोणी काय केले, हे दोन्ही आपल्याला शेजारी शेजारी मांडून पाहता येते.

दोघे उमेदवार कोण होते?

जिमी कार्टर हे जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या लहानशा गावचे. घरचा धंदा शेतीचा, आणि पीक मुख्यतः भुईमुगाचे. तरुणपणी ते नौदलात अधिकारी होते. वडील वारल्यावर नोकरी सोडून घरी परतले आणि शेंगांचा व्यापार सांभाळू लागले. पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर झाले आणि जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या आई लिलियन कार्टर यांचे नाव तर आपण महाराष्ट्राने विसरू नये. पेशाने त्या परिचारिका. वयाची सत्तरी जवळ आली असता, १९६६ साली त्या पीस कोअर या अमेरिकी सेवा योजनेतून भारतात आल्या आणि मुंबईतल्या विक्रोळीत त्यांनी सुमारे दोन वर्षे रुग्णसेवा केली. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर भारतभेटीस आले, तेव्हा हरियाणातल्या दौलतपूर नसीराबाद या गावी गेले होते. त्या गावाने पुढे 'कार्टरपुरी' असे नाव घेतले.

रोनाल्ड रीगन यांचा जन्म इलिनॉय राज्यातला, म्हणजे मक्याच्या मुलखातला. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरी ते रेडिओवरून खेळांचे धावते वर्णन करीत. नंतर सिनेनट झाले आणि १९६७ ते १९७५ ही आठ वर्षे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. बोलण्यात मोठे गोड, पण रशियाचे नाव निघाले की कडक. कार्टर रशियाशी फार नरमाईने वागतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

एवढे ऐकून कोणालाही वाटेल की रशियाला धान्य विकू नका म्हणणारे रीगन असतील आणि विकू द्या म्हणणारे कार्टर. पण झाले नेमके उलट!

बंदी कशी आली?

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस रशियाचे, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएत संघाचे, सैन्य अफगाणिस्तानात शिरले. कार्टरांपुढे पेच पडला. गप्प बसावे तर दुबळेपणा दिसतो, आणि सैन्य पाठवावे तर दोन अणुसत्तांचे युद्ध पेटते. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. ४ जानेवारी १९८० रोजी त्यांनी जाहीर केले की रशियाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखण्यात येत आहे.

हा आकडा कुठून आला, तेही पाहू. १९७५ साली दोन्ही देशांत पाच वर्षांचा धान्यकरार झाला होता. त्याप्रमाणे वर्षाला ८० लाख टनांपर्यंत धान्य रशियाला नक्की मिळायचे. त्या वर्षी रशियाचे पीक फसले होते. १९७८ साली तिथे सुमारे २३ कोटी ७० लाख टन धान्य पिकले होते, ते १९७९ साली १८ कोटी टनांच्या आसपास आले. म्हणून अमेरिकेने एकूण अडीच कोटी टन विकण्याची तयारी दाखवली होती. कार्टरांनी कराराचे ८० लाख टन चालू ठेवले आणि वरचे सगळे थांबवले. यात मोठा भाग मक्याचा होता. रशियात तो माणसांपेक्षा जनावरांच्या दाणावैरणीला लागायचा. भाकरी तोडायची नाही, पण रशियन माणसाच्या ताटातले मांस महाग करायचे, असा तो हिशेब होता.

बातमी येताच शिकागोच्या धान्यबाजारातले वायद्याचे व्यवहार दोन दिवस बंद ठेवावे लागले. बाजार उघडला तो भाव कोसळतच. कार्टरांनी शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडले असे मात्र नाही. व्यापाऱ्यांचे अडकलेले सौदे सरकारने स्वतःच्या अंगावर घेतले, धान्य साठवून ठेवणाऱ्यांना कर्जाच्या सवलती वाढवून दिल्या. तरीही जो माल उद्या बोटीत चढायचा तो कोठारात पडून राहिला, आणि कोठारातला माल भावाच्या छातीवर धोंड्यासारखा बसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत चालली. तिचे कारण वेगळे होते. देशातला भाव आवरायचा होता. पण चाळीत कांदा असलेल्या घराला कारण कोणतेही असो, बसणारा चटका तोच!

उमेदवार काय म्हणाले?

बंदी येताच दुसऱ्याच दिवशी, ५ जानेवारीला, आयोवात रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांची जाहीर वादसभा होती. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचे आगर. तिथे जॉन अँडरसन हे एकटेच म्हणाले की बंदी योग्य आहे. बाकीचे विरोधात बोलले. रीगन त्या सभेला आलेच नव्हते. पण त्यांचे मत लवकरच सर्वांना कळले. रशियाला धडा शिकवायचा तर सगळ्या देशाने मिळून शिकवावा, एकट्या शेतकऱ्याच्या पाठीवर ते ओझे का, शिवाय आपण नाही विकले तर दुसरे विकतीलच, असे त्यांचे म्हणणे होते. आपण निवडून आलो तर बंदी उठवू, असे वचन त्यांनी दिले.

कार्टरांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातून उभे राहू पाहणारे एडवर्ड केनेडी यांनीही बंदीला विरोध केला. पण २१ जानेवारीला आयोवातल्या डेमोक्रॅटिक सभासदांनी कौल दिला, तेव्हा कार्टरांना ५९ टक्के आणि केनेडींना ३१ टक्के मते पडली. देशाभिमानाचे वारे तेव्हा जोरात होते. शेतकरी म्हणत होता, देशासाठी सोसू. पण सोसण्यालाही मुदत असते. रशियाचे सैन्य जागचे हलेना आणि भाव वर चढेना, तसतशी नाराजी वाढत गेली.

कार्टरांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की आक्रमण करणाऱ्याशी जणू काही घडलेच नाही अशा थाटात व्यापार चालू ठेवता येत नाही. गोळी न झाडता दाब आणायचा तर कोणाला ना कोणाला झळ बसणारच, आणि ती सरकार भरून देत आहे. अमेरिकेच्या शेतमालाची एकूण निर्यात १९८० साली विक्रमी झाली, याकडेही ते बोट दाखवीत. तेही खोटे नव्हते. रशियाला न गेलेला माल इतर देशांकडे वळत होता.

बाकीच्या प्रश्नांवर काय मते होती?

धान्याखेरीज आणखी चार मोठे प्रश्न होते.

पहिला इराणचा. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधली अमेरिकी वकिलात आंदोलकांनी ताब्यात घेतली, आणि पुढे ५२ अमेरिकी माणसे तिथे ओलीस राहिली. कार्टरांनी बोलणी केली, आर्थिक निर्बंध घातले. २४ एप्रिल १९८० रोजी सुटकेसाठी पाठवलेली लष्करी मोहीम वाळवंटात फसली आणि आठ जवान मेले. बोलण्यांवर भर देणारे त्यांचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी त्यावरून राजीनामा दिला. रीगन म्हणत, अमेरिकेचा दरारा राहिला नाही म्हणूनच ही पाळी आली. दरम्यान तेलाचे जागतिक भाव दुपटीहून वर गेले होते. डिझेल आणि रॉकेलची त्या काळातली टंचाई वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे एक मूळ इराणातल्या उलथापालथीत होते.

दुसरा शस्त्रांचा. जून १९७९ मध्ये कार्टर आणि रशियाचे ब्रेझनेव्ह यांनी अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या 'सॉल्ट-२' करारावर सह्या केल्या होत्या. अफगाणिस्ताननंतर कार्टरांनी त्याची मंजुरी लांबणीवर टाकली, पण करार चांगलाच आहे असे ते म्हणत राहिले. रीगन म्हणत, हा करार रशियाच्या फायद्याचा आहे. आधी आपले बळ वाढवा, मग बोलणी करा.

तिसरा चीन आणि तैवानचा. १ जानेवारी १९७९ पासून कार्टरांनी चीनच्या सरकारला मान्यता दिली आणि तैवानशी असलेले अधिकृत संबंध सोडले. तैवान हा जुना मित्र, त्याच्याशी पुन्हा अधिकृत संबंध जोडू, असे रीगन बोलून गेले आणि चीन संतापला.

चौथा पनामा कालव्याचा. हा कालवा पनामा देशाला परत देण्याचा तह कार्टरांनी १९७७ साली केला. रीगन यांचा त्याला कडवा विरोध होता.

आपल्या दारचे दोन प्रश्न

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या तारापूरची अणुवीज भट्टी १९६३ च्या कराराप्रमाणे अमेरिकेच्या मदतीने उभी राहिली आणि तिला इंधनही अमेरिकेने द्यायचे होते. १९७४ साली आपण पोखरणला अणुस्फोट केला. त्यानंतर १९७८ साली अमेरिकेत असा कायदा झाला की जो देश आपल्या सर्व भट्ट्या तपासणीला खुल्या करणार नाही त्याला इंधन देऊ नये. कार्टर स्वतः अणुप्रसाराच्या विरुद्ध. तरी भारत दुरावू नये म्हणून त्यांनी १९८० साली ३८ टन इंधन देण्याचा हुकूम काढला. अमेरिकी संसदेच्या एका सभागृहाने तो फेटाळला. दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, २४ सप्टेंबरला ४८ विरुद्ध ४६ अशा अवघ्या दोन मतांनी तो तरला. दोन मते इकडची तिकडे झाली असती तर तारापूरच्या विजेचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला असता.

दुसरी गोष्ट पाकिस्तानची. अफगाणिस्तानात रशिया आल्यावर कार्टरांनी पाकिस्तानला ४० कोटी डॉलरची मदत देऊ केली. जनरल झिया उल हक यांनी ती 'शेंगदाणे' म्हणून झिडकारली. आपण चणे-फुटाण्याची रक्कम म्हणतो, तसे इंग्रजीत किरकोळ रकमेला शेंगदाणे म्हणतात. कार्टर भुईमूगवाले असल्याने टोमणा दुहेरी बसला. रीगन आल्यावर १९८१ साली हीच मदत सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरवर गेली आणि एफ-१६ विमानेही देण्याचे ठरले. म्हणजे तिथल्या मतपेटीचा परिणाम आपल्या सीमेपर्यंत आला.

निकाल आणि त्यानंतर

२८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलंड शहरी दोघांचा समोरासमोर वाद झाला. कार्टरांनी अण्वस्त्रांच्या धोक्यावर जोर दिला. रीगन यांनी लोकांना साधा प्रश्न विचारला : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? महागाईने गांजलेल्या लोकांच्या मनाला तो भिडला. ४ नोव्हेंबरला, ओलीस धरल्याच्या बरोबर वर्षाने, मतदान झाले. रीगन यांनी ४४ राज्ये जिंकली, त्यांत आयोवाही आले. बंदीला खुला पाठिंबा देणारे अँडरसन अपक्ष लढले आणि साडेसहा टक्क्यांच्या आसपास मतांवर थांबले. २० जानेवारी १९८१ रोजी रीगन यांनी शपथ घेतली आणि काही मिनिटांतच ५२ ओलीस सुटले. त्यांच्या सुटकेची बोलणी मात्र कार्टरांनीच शेवटच्या दिवसापर्यंत केली होती.

आता वचनांचे काय झाले ते पाहा. धान्यबंदी रीगन यांनी २४ एप्रिल १९८१ रोजी उठवली. त्यांचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांचा विरोध होता. रशियाने काही मोबदला न देता आपण का सोडावे, असे ते म्हणत. तरी वचन पाळले गेले. बाकी ठिकाणी खुर्चीने बोलणे मवाळ केले. तैवानशी अधिकृत संबंध पुन्हा जोडले गेले नाहीत. उलट १९८४ साली रीगन स्वतः चीनला जाऊन आले. 'सॉल्ट-२' ला नावे ठेवूनही त्याच्या मर्यादा त्यांनी १९८६ पर्यंत सांभाळल्या. पनामाचा तह त्यांनी मोडला नाही, आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाच्या हाती गेला. रशियाला सर्वांत कडक बोलणाऱ्या याच माणसाने १९८७ साली गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. तारापूरचाही तोडगा त्यांच्याच काळात निघाला. १९८२ साली इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या तेव्हा ठरले की इंधन फ्रान्सने द्यावे.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

बंदीने रशिया उपाशी राहिला का? नाही. अर्जेंटिनाने बंदीत सामील व्हायला नकार दिला आणि आपला माल चढ्या भावाने रशियाला विकला. रशियाला खर्च जास्त आला, त्रास झाला, पण सैन्य माघारी गेले नाही. ते गेले १९८९ साली, आणि त्याला कारणे दुसरीच होती. एकदा तुटलेले गिऱ्हाईकही पूर्वीसारखे परतले नाही. एका दुकानावर विसंबायचे नाही, हे रशिया शिकून बसला. अमेरिकेला हा धडा नवा नव्हता. १९७३ साली निक्सन यांनी काही काळ सोयाबीनची निर्यात रोखली, तेव्हा जपान घाबरला आणि पुढे त्याने ब्राझीलच्या सोयाबीनशेतीत पैसा घातला. आज ब्राझील सोयाबीनमध्ये अमेरिकेच्या पुढे आहे.

मात्र सगळे खापर बंदीवर फोडणेही बरोबर नाही. १९८० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कडक दुष्काळ पडला, पीक घटले आणि भाव पुन्हा वर आले. पुढच्या काही वर्षांत तिथे हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात गेल्या, त्याचे मोठे कारण कर्ज हेच होते. तेजीच्या काळात चढ्या भावाने जमिनी घेतलेल्या, आणि डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मुख्य व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेलेला! त्यात डॉलर महाग झाल्याने परदेशी गिऱ्हाईक कमी झाले. बंदी उठली म्हणून ही संकटे टळली नाहीत. वचन पाळणाऱ्या रीगन यांच्याच कारकिर्दीत तिथला शेतकरी सर्वाधिक भरडला गेला.

पण शेतकऱ्यांनी एक गोष्ट पक्की करून घेतली. १९८१ च्या शेती कायद्यात कलम आले की सरकारने परराष्ट्र धोरणासाठी केवळ शेतमालाचीच विक्री रोखली, तर शेतकऱ्यांना भरपाई द्यावी. १९८३ साली रशियाशी पाच वर्षांचा नवा करार झाला, त्यात वर्षाला किमान ९० लाख टन घेण्याची हमी लिहून घेतली. उमेदवाराचे वचन माणसाबरोबर जाते. कायद्यातले कलम आणि करारातली ओळ मागे राहते.

कोणत्याही निवडणुकीत, तिकडच्या वा इकडच्या, उमेदवार परदेशाबद्दल काही बोलू लागला की वाचकहो, चार प्रश्न मनाशी विचारा. याची झळ कोणाला बसणार, सर्वांना की एकालाच? आपण विकले नाही तर दुसरा कोणी विकणार आहे का? हेतू साधला नाही तर हा माणूस पाऊल मागे कधी घेणार? आणि दिलेला शब्द कागदावर, कायद्यात उतरणार आहे का? आवाज किती चढा आहे, यावरून धोरण ओळखता येत नाही. नरम म्हणवणाऱ्याने धान्य अडवले आणि कडक म्हणवणाऱ्याने ते सोडले, हे आपण आत्ताच पाहिले.

रीगन २००४ साली वारले आणि कार्टर शंभरी गाठून २९ डिसेंबर २०२४ रोजी. त्यांच्यातले बहुतेक वाद आता पुस्तकांत जाऊन बसले आहेत. पण गव्हाचे जहाज बंदरात अडले की भाव कोणाच्या घरात पडतो, हा प्रश्न अजून शेतकऱ्याच्या अंगणातच उभा आहे. पुढच्या वेळी चावडीवर चर्चा रंगली, की तो जरूर विचारा.